नातवंडांची सहल आणि आपली रात्र



वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव अशा आपल्या गावांतून उच्च शिक्षणासाठी परदेशी गेलेली मुले आता घरोघरी दिसतात. शनिवारी नात फोनवर सांगते, "आजी, उद्या मैत्रिणींबरोबर दिवसभर फिरायला जाणार आहे." तिचा रविवार आनंदात जातो आणि इकडे आजीच्या डोळ्याला डोळा लागत नाही. सोमवारी वाढलेला रक्तदाब घेऊन दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांत अशा आजी-आजोबांचीही गाठ पडते.

"उगीच काळजी करता" असे म्हणून त्यांना गप्प बसवणे योग्य नव्हे. जून २०२४ मध्ये रशियातील वेलिकी नोव्हगोरोद येथे शिकणारे, बहुतांशी जळगाव जिल्ह्यातले चार विद्यार्थी वोल्खोव्ह नदीत बुडाले. पाण्यात सापडलेल्या एकीला वाचवताना बाकीचे ओढले गेले. आपल्याच जिल्ह्यात जानेवारी २०२२ मध्ये सेलसुऱ्याजवळ पुलावरून मोटार कोसळून सात वैद्यकीय विद्यार्थी दगावले. ज्यांनी हे ऐकले आहे, त्यांची भीती निराधार कशी म्हणावी? मात्र या भीतीला दोन कामे नेमून द्यावीत: एक मुलांसाठी, दुसरे स्वतःसाठी.

मुलांना "सांभाळून जा" एवढेच सांगू नका, नेमके सांगा. थंड देशांतील नदी-तलावांचे पाणी उन्हाळ्यातही अतिशय गार असते. अशा पाण्यात अचानक पडल्यास पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वासावरचा ताबा सुटतो आणि पट्टीचा पोहणाराही नाकातोंडात पाणी जाऊन बुडू शकतो. अशा वेळी हातपाय न झाडता पाठीवर तरंगत राहावे. श्वास स्थिरावला की मग काठाकडे वळावे. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी पाण्यात उडी घेऊ नये. काठावरूनच दोरी, काठी, ओढणी किंवा तरंगणारी वस्तू द्यावी आणि मदत बोलवावी. युरोपीय संघाच्या सर्व देशांत त्यासाठी ११२ हा क्रमांक चालतो. निघण्यापूर्वी ठिकाणाचे नाव, परतीची गाडी आणि सोबतच्या एका मैत्रिणीचा क्रमांक घरी कळवावा.

आता आपल्याविषयी. प्रथम घड्याळ समजून घ्या. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तिथे तेव्हा रात्री नऊच्या सुमारास कुठे सूर्य मावळतो. त्या वेळी आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. म्हणजे नात अजून उजेडात घरी परतत असते आणि आपण मध्यरात्री नाही नाही ते मनात आणत असतो. त्यावर साधा करार करा: खोलीवर पोहोचल्यावर तिने दोन शब्दांचा संदेश पाठवायचा आणि आपण तो पहाटे उठून वाचायचा. अडचण असेल तर मात्र तिने कितीही वाजता घरातील कर्त्या माणसाला फोन करायचा.

खरा धोका आहे तो वाट पाहण्यात जेवण टाळण्याचा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि "तिचा फोन आला की जेवीन" म्हणून ताट बाजूला सारले, तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळलेपणा ही तिची लक्षणे. घरच्यांना ती काळजीचीच वाटतात आणि इथेच घात होतो. शुगर तपासण्याचे यंत्र असेल तर लगेच तपासा. नसेल तर तपासणीसाठी थांबू नका. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा आणि बरे वाटल्यावर जेवू घाला. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका; १०८ वर फोन करा.

छातीत दाब, जबड्यात वा हातात कळ, दम लागणे यांनाही "टेन्शन" समजून पहाटेपर्यंत थांबू नका. त्यासाठीही १०८ च.

रक्तदाब दर अर्ध्या तासाने मोजू नका. धास्तीने मोजलेला आकडा धास्तीच वाढवतो. पाच मिनिटे शांत बसून एकदा मोजा. झोप येत नाही म्हणून दुसऱ्याची झोपेची गोळी घेऊ नका; रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण आम्ही पाहतो.

सुनांनो, मुलांनो, आपणही एक करा. सहलीच्या दिवशी ठिकाण, परतीची वेळ आणि त्या वेळी इथे किती वाजतील, हे मोठ्या अक्षरांत लिहून आजोबांच्या खाटेजवळ लावा. विसर पडणाऱ्या ज्येष्ठांना तोच प्रश्न दहादा पडतो. तेव्हा न रागावता त्या कागदाकडे बोट दाखवा. आणि रात्रीचे ताट त्यांच्या पुढ्यात वेळेवर ठेवा. नात खुशाल परतल्यावर तिच्याशी बोलायला आजी-आजोबाही धडधाकट असायला हवेत.