ज्ञानरंजन : फाट्यापलीकडची शांतता

नांदेडहून येणारा महामार्ग वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट हिंगोलीकडे, दुसरी यवतमाळ-नागपूरकडे. मालमोटारींची वर्दळ येथे रात्रंदिवस. मात्र याच हिंगोली जिल्ह्यात, संत नामदेवांच्या नर्सीच्या परिसरात, विज्ञानाने शांतता शोधली आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा व्हावयाची आहे. ४ किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांतील लेसर किरण गुरुत्वीय लहरींची चाहूल घेतील. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे १०,००० व्या भागाएवढा फरक मोजायचा! सराफाचा काटा वाऱ्यापासून जपण्यासाठी काचपेटीत ठेवतात. या काट्याला तर दूरच्या मालमोटारीची थरथरही बाधते.