कंबरेचा चट्टा आणि मलमाची ट्यूब



फवारणीच्या औषधांविषयी या सदरातून पुष्कळ लिहून झाले. आज अंगाला लावायच्या औषधाविषयी लिहितो. विषय डॉक्टरांचा खरा. पण चारठाण्याला कापसाच्या बैठकीला गेलो म्हणजे माणसे बोंडअळीबरोबर अंगावरचे चट्टेही दाखवतात. एखाद्याच्या खिशात दुकानातून आणलेली गजकर्णाची ट्यूबही असते. बायका मात्र दाखवत नाहीत. कंबरेवरचा चट्टा दाखवायचा तरी कोणाला?

परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी आवळली की तिथली कातडी काळी किंवा पांढरी पडते, खवले सुटतात, घामाने सोलते. बहुतेकींचे एवढ्यावरच भागते. क्वचित एखादीला तिथे जखम होते, ती भरत नाही आणि पुढे तिचा कर्करोग होतो. ही गोष्ट नवी नव्हे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. खानोलकर यांनी १९४५ सालीच धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाविषयी लिहिले होते. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी अशाच दोन बायांची हकीकत प्रसिद्ध केली. एक सत्तर वर्षांची. तिची जखम अठरा महिने भरत नव्हती. दुसरी साठी उलटलेली. चाळीस वर्षे ती लुगडे कंबरेला घट्ट बांधत आली होती. तिची जखम दोन वर्षांची होती आणि रोग जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता.

अठरा महिने आणि दोन वर्षे! आपल्याकडे असा काळ बहुधा ट्यूब बदलण्यात जातो. दुकानातल्या पुष्कळ ट्यूबांत स्टिरॉइड असते. त्याने खाज थांबते, लाली उतरते आणि बाई समजते की गुण आला. आत काय चालले आहे ते झाकले जाते, कातडी मात्र पातळ होते. तूर मर रोगाने वाळत असताना तिला युरिया टाकत बसावे, तसा हा प्रकार आहे.

महिनाभरात न भरलेली जखम, कडा जाड झालेला किंवा रक्त येणारा चट्टा कातडीच्या डॉक्टरांना दाखवावा. ते लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. त्याची भीती नको. रोग खोल गेला असेल तर शस्त्रक्रियाच लागते, मलमाने भागत नाही. पण कर्करोगाच्या आधीची अवस्था असेल किंवा रोग अगदी वरवरचा असेल, तर डॉक्टर कधी कधी फ्लुओरोयुरॅसिल नावाचे मलम लिहून देतात.

हे मलम तणनाशकासारखे समजा. वेगाने वाढणाऱ्या पेशी ते मारते, म्हणून सांगितलेल्या जागेवरच, सांगितले तितकेच आणि तितकेच दिवस लावायचे. जास्त लावून लवकर गुण येत नाही. हातमोजा घालून लावा आणि नंतर हात साबणाने धुवा. डोळे, नाक, तोंड यांना लागू देऊ नका. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वर घट्ट पट्टी बांधू नका. नाडीही त्या जागेवर येऊ देऊ नका. लावलेल्या जागेवर ऊन नको.

लावू लागल्यावर काही दिवसांनी जागा लाल होते, आग होते, सोलते, खपली धरते. इथेच पुष्कळ जण घाबरतात आणि मलम सोडून जुनी ट्यूब लावतात. तसे करू नये. ही लाली म्हणजे औषध लागू पडल्याची खूण आहे. मलम संपल्यावर जागा भरून यायला महिना-दोन महिने लागतात. पू झाला, ताप आला किंवा आग सोसवेना, तर मात्र लगेच डॉक्टरांना विचारा.

सासूबाईंना मलम बहुधा सूनच लावून देते. ती गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर तिने या मलमाला हात लावू नये. ट्यूब दातांच्या पेस्टजवळ कोनाड्यात ठेवू नका. कुत्र्याने ट्यूब चावली किंवा मलम लावलेली जागा चाटली तरी त्याच्या जिवावर बेतते. अशी कुत्री मेल्याच्या नोंदी आहेत. उरलेले मलम शेजारणीला देऊ नये, तिचा चट्टा वेगळा असू शकतो.

तपासणीसाठी आधी परभणीचे सरकारी रुग्णालय गाठावे. पुढे गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय आहे.

आणि परकराला नाडीऐवजी चांगली रुंद पट्टी शिवून घ्या, बांधायची जागा थोडी वर-खाली करत जा, रात्री सैल सोडा.