लहान रिव्हॉल्व्हर आणि ‘सबळ कारण’

सदऱ्याखाली झाकले जाईल, कमरेला जड वाटणार नाही आणि प्रसंग ओढवलाच तर उपयोगी पडेल, असे लहान रिव्हॉल्व्हर कोणते घ्यावे, हा प्रश्न पनवेल परिसरात आता पूर्वीइतका अपूर्व राहिलेला नाही. जमिनीच्या व्यवहारात स्थिरावलेला माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी हाच प्रश्न घेऊन आला होता. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला शस्त्राविषयी काय विचारायचे, असा संकोच त्याला वाटला नाही, कारण त्याच्या दृष्टीने हा चार वस्तूंतून एक निवडण्याचा प्रश्न होता. वस्तूंची तुलना करायची तर ती अवश्य करावी. तथापि या तुलनेत खरेदीदाराच्या हाती फारच थोडे उरते. बहुतेक सर्व निर्णय त्याच्या वतीने सरकारने आधीच घेऊन ठेवलेले असतात.

पहिला निर्णय बोअरचा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनी ज्या पिस्तुलांत व रिव्हॉल्व्हरांत .३८०, .४५५ किंवा लष्करी ९ मिलिमीटरचे काडतूस बसते ती सर्व प्रतिबंधित ठरविली. यामागील हेतू स्पष्ट आहे. सैन्याचे व पोलिसांचे काडतूस नागरिकाच्या शस्त्रात चालू नये, म्हणजे सरकारी कोठारातून माल पाझरण्याचे आमिषच उरत नाही. या गाळणीतून सामान्य परवानाधारकासाठी मुख्यतः .३२ आणि .२२ हे दोन लहान बोअर शिल्लक राहतात. अमेरिकेतील ग्राहक लहान बोअर पत्करतो तो धक्का कमी बसावा म्हणून. आपल्याकडील ग्राहक तो पत्करतो, कारण दुसरा मिळत नाही. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० मध्ये पाच गोळ्यांचे आखूड .३८ रिव्हॉल्व्हर काढले आणि तेथे लपवून बाळगण्याच्या शस्त्राचा तोच नमुना ठरून गेला. आपला .३२ चा जो लांब काडतुसाचा प्रकार आहे, तो त्याच कंपनीचा, पण १८९६ चा. सव्वाशे वर्षांपूर्वीचे काडतूस आपल्या बाजारात अजून टिकून आहे, ही त्याच्या गुणवत्तेची पावती नसून आपल्या प्रशासकीय परंपरेची आहे.

आता प्रत्यक्ष माल पाहू. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे जुने .३२ रिव्हॉल्व्हर हे इंग्रजांच्या वेब्ली पद्धतीचे. काडतुसे भरताना ते मधोमध मोडून उघडावे लागते. वजन सुमारे ७०० ग्रॅम, गोळ्या सहा. मोडून उघडणारा सांगाडा एकसंध सांगाड्याइतका मजबूत नसतो, म्हणून सौम्य काडतूसच त्याला मानवते. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ काढले. बोअर तोच, गोळ्या तितक्याच, पण टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन सुमारे सव्वापाचशे ग्रॅमपर्यंत उतरले. त्यानंतर पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे ‘निडर’ आले. हे .२२ बोअरचे, आठ गोळ्यांचे आणि अवघ्या २५० ग्रॅम वजनाचे. खिशात ठेवल्याचे जाणवू नये इतके ते हलके, परंतु.२२ च्या काडतुसात ठिणगी काठावर आघात करून पाडावी लागते आणि असे काडतूस फुसके निघण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की पुढील काडतूस समोर येते, एवढाच काय तो दिलासा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘प्रबल’ आले. त्याचे चक्र बाजूला उघडते, आणि त्याचा मारा ५० मीटरपर्यंत परिणामकारक असल्याची जाहिरात झाली.

या ५० मीटरांचे काय करायचे, हे मात्र मला उमगलेले नाही. आत्मसंरक्षणाचा प्रसंग हाताच्या अंतरावर ओढवतो. ५० मीटरांवरील माणसापासून पळून जाणे हेच संरक्षण होय. त्याच्यावर गोळी झाडणाऱ्याला ती आत्मसंरक्षणार्थ झाडली हे न्यायालयात पटवून देणे कठीण जाईल. शिवाय नळी तीन इंचांची. आखूड नळीवर नेम धरण्यास आधार थोडा, आणि घोडा आधी न ओढता केवळ चापाने गोळी झाडताना बोटाला जे बळ लावावे लागते, त्याने नेम हमखास ढळतो. शस्त्र जितके लहान व हलके, तितका ते चालविण्यास सराव अधिक हवा, असा हा उलटा हिशेब आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली हे योग्यच झाले. परंतु हाताळणीचे प्रमाणपत्र आणि भेदरलेल्या अवस्थेत अचूक हालचाल करण्याची सवय या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरा निर्णय किमतीचा. ‘निर्भीक’ची किंमत १,२२,३६० रुपये होती. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतर ते स्त्रियांसाठी म्हणून पुढे करण्यात आले, आणि नावही त्या मुलीला लोकांनी दिलेल्या नावाशी जुळणारे निवडले गेले. त्या वेळी महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षण सेवकाचे मानधन दरमहा ९,००० रुपये होते. म्हणजे उच्च शिक्षण घेतलेल्या, नोकरीत असलेल्या तरुण शिक्षिकेनेही साडेतेरा महिने काही न खाता-पिता पैसे साठविले असते, तर तिच्या पर्समध्ये ‘निर्भीक’ आले असते. रात्रपाळी संपवून पनवेल स्थानकातून खांदेश्वरकडे परतणारी परिचारिका किंवा तळोज्याच्या कारखान्यात जाणारी कामगार स्त्री यांचा तर विचारच नको. ‘निडर’ची सुमारे ३५,००० रुपये ही किंमत त्यामानाने उदार वाटते, परंतु तीही त्यांच्या आवाक्यातील नव्हे. शस्त्र कायद्याच्या चौदाव्या कलमात एक सुंदर तरतूद आहे: अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, केवळ एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. जे अधिकाऱ्याला करता येत नाही, ते येथे किंमत करते. परदेशी शस्त्रांची सर्वसाधारण आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. देशी खाजगी उत्पादक अगदी अलीकडे, २०२० च्या सुमारास, या क्षेत्रात आले. तोपर्यंत विक्रेता व परवाना देणारा, दोन्ही सरकारच होते. मक्तेदारीत किंमत कशी ठरते हे बारावीचा विद्यार्थीही सांगेल.

किंमत उतरवा, असा माझा आग्रह नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. स्वस्त शस्त्र म्हणजे सुरक्षित समाज, असे मानण्यास अमेरिकेचा अनुभव आधार देत नाही. त्या देशालाही १९६८ च्या कायद्याने स्वस्त परदेशी पिस्तुलांची आयात रोखावी लागली होती. स्त्रीच्या सुरक्षिततेचा भार तिच्याच पर्समध्ये घालण्याची कल्पना मला मुळातच चुकीची वाटते. रस्त्यावरील दिवा, वेळेवर येणारी बस आणि तक्रार नोंदवून घेणारा ठाणे अंमलदार या सार्वजनिक वस्तू आहेत. त्या एकाला मिळाल्या म्हणून दुसऱ्याच्या कमी होत नाहीत. रिव्हॉल्व्हर ही निव्वळ खाजगी वस्तू आहे, आणि एकाने घेतली की शेजाऱ्यालाही ती हवीशी वाटू लागते.

येथे लपवून बाळगण्याचा मुद्दा येतो. अमेरिकेत शस्त्र झाकून नेण्यासाठी कित्येक राज्यांनी वेगळे परवाने काढले आणि त्यावरील वाद २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. आपल्याकडे उलट आहे. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र न्यायचे तर ते म्यानात अथवा पिशवीत, संपूर्ण झाकूनच नेले पाहिजे. ते परजण्यास सक्त मनाई आहे. झाकणे ही येथे सवलत नसून अट आहे. आणि तरीही कोणाच्या कमरेला काय आहे, हे गावभर ठाऊक असते. लग्नाच्या मांडवात सदरा किंचित वर सरकतो, गाडीतून उतरताना हात नकळत तेथे जातो. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये ज्या प्रदर्शनी उपभोगाचे वर्णन केले, त्यात झाकून ठेवण्याच्या वस्तूचा असा उपभोग त्यांनाही बहुधा सुचला नसता. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात हवेत गोळ्या झाडणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला आणि एका व्यक्तीजवळील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. हे करावे लागले यातच सारे आले.

तिसरा निर्णय सर्वांत महत्त्वाचा: परवाना कोणाला? पनवेलकरांना या प्रश्नाचा इतिहास आठवून द्यावयास नको. आपल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये बंड करून उठले, त्याच्या आदल्याच वर्षी लिटनच्या सरकारने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी घातली आणि युरोपीयांना त्यातून वगळले होते. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला तो हा वर्णभेद काढून टाकून. त्याच्या तेराव्या कलमाने लांब नळीच्या साध्या बंदुकीला आणि पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीला सैल हात दिला. रिव्हॉल्व्हरसाठी मात्र अर्जदाराजवळ ‘सबळ कारण’ असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे, असे ठेवले. शेतकऱ्याच्या बंदुकीवर विश्वास आणि खिशातल्या शस्त्रावर संशय, हा विवेक मला आजही पटतो.

परंतु या ‘सबळ कारणा’चे दार पुढे रुंदावले. २०१६ च्या नियमांत गंभीर व नजीकचा धोका असलेल्या व्यक्तीबरोबरच, धंद्याच्या स्वरूपामुळेच ज्याला जीविताच्या वा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज आहे अशा व्यक्तीचाही समावेश आहे. धंद्याचे स्वरूप! बांधकाम, खडी, वाहतूक, मजूर पुरवठा, जमीन, सराफी, आणि राजकारण हा धंदा मानला तर तोही. बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने आहेत, हे महाराष्ट्राला केव्हा कळले? २०२४ च्या डिसेंबरात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यानंतर. ती हत्या गोळीने झालेली नव्हती, तरीही त्या निमित्ताने दप्तरे उघडली गेली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. जे परवाने २०२५ मध्ये रद्द करण्याजोगे ठरले, त्यांची कारणे देण्याच्या दिवशी सबळ कशी होती? त्याच २०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यातच गोळीबार केल्याच्या आरोपावरून विद्यमान आमदाराला अटक झाली. आठवडाही उलटला नाही तोच दहिसरला माजी आमदाराच्या पुत्राला, जो स्वतःही नगरसेवक राहिला होता, मारणाऱ्याने आपल्या अंगरक्षकाचे परवान्याचे पिस्तूल वापरल्याचे पुढे आले. परवाना एकाचा, बोट दुसऱ्याचे.

पनवेल या बाबतीत विचार करावा अशाच जागी वसलेले आहे. तालुका रायगड जिल्ह्याचा, परंतु पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. म्हणून येथील परवान्याचा अधिकार अलिबागच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे नसून पोलीस आयुक्तांकडे आहे. १९७० मध्ये सिडको आली, तेव्हापासून येथील जमीन ही पिकापेक्षा किमतीची बाब झाली. १९८४ मध्ये शेजारच्या उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी प्राणांस मुकले, त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचे उद्घाटन झाले. भूखंडाच्या प्रत्येक हस्तांतरणामागे भाऊबंदकीचा एखादा वाद, मध्यस्थ आणि मोठी रक्कम असते. अशा ठिकाणी ‘धंद्याच्या स्वरूपा’चा आधार घेऊन अर्ज करणारे वाढले तर नवल नाही. ज्याच्याकडून धोका आहे तोही त्याच धंद्यात असतो आणि त्याचे कारणही कागदावर तितकेच सबळ दिसते.

यावर एक साधी कसोटी सरकारच्या हातात आहे आणि ती वापरली जात नाही. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार अनेकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत आणि विधानसभेची ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीकडे होती. एकंदर सुमारे चार महिने. म्हणजे ज्यांनी दोन्ही वेळा शस्त्र जमा केले, त्यांनी वर्षाचा एक तृतीयांश काळ त्यावाचून काढला, तोही राजकीय वैर तापलेले असताना. दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज येतो तेव्हा अधिकाऱ्याने एवढेच विचारावे: त्या चार महिन्यांत आपल्याला कोणती धमकी आली, तिची तक्रार आपण कोणत्या ठाण्यात व कोणत्या दिनांकास दिली, आणि संरक्षण मागितले होते काय? उत्तर नोंदवहीत मिळेल. नसेल तर तेही दिसेल. आणि आयुक्तालयाने दरवर्षी नवे परवाने किती, धंद्याच्या कारणावर किती, नूतनीकरण नाकारले किती, हे आकडे नावे वगळून जाहीर करावेत. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागत नाही. एक परिपत्रक पुरेसे आहे.