निकेलचे श्रेय, लोहाचे कर्तृत्व

हरित हायड्रोजनच्या बातम्यांत ‘विक्रमी’ निकेल उत्प्रेरकांचे वारंवार कौतुक होते. माझा आक्षेप स्पष्ट आहे: पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातील लोह काढल्यावाचून केलेल्या अशा दाव्यांवर विश्वास ठेवू नये.

डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्येच दाखवले होते की, द्रावणात दशलक्षात एक भाग लोह असले तरी निकेल ऑक्साइडच्या पातळ थरावरील ऑक्सिजननिर्मितीवर लक्षणीय परिणाम होतो. २०१४ मध्ये ओरेगन विद्यापीठातील गटाने सिद्ध केले की, निकेल हायड्रॉक्साइड द्रावणातील लोह सामावून घेते, आणि लोह वगळल्यास निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड अत्यंत क्षीण उत्प्रेरक ठरते.

शुद्धीकरण अवघडही नाही. अतिशुद्ध निकेल क्षारापासून केलेला निकेल हायड्रॉक्साइडचा साका द्रावणात ढवळून वेगळा करावा. लोह त्याच्यासोबत निघून जाते.

‘काम होते ना, मग श्रेय कोणाचेही असो,’ असे काही जण म्हणतील. परंतु अपघाताने आलेले लोह दुसऱ्या प्रयोगशाळेतील बाटलीत तितकेच असेल, याची हमी कोण देणार? लोह हवे असेल तर मोजून मिसळावे.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट चुकीच्या कार्यकारणभावावर उभारता येणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, पुढचा ‘विक्रमी’ आलेख पाहताना पहिला प्रश्न हाच विचारा: द्रावणातील लोह मोजले होते का?