पाहुणचाराचे इंग्रजी शब्द

इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत शिष्टाचाराच्या शब्दांचा एक धडा बहुधा असतोच. ‘वेलकम’, ‘प्लीज’, ‘थँक्यू’, ‘सॉरी’ हे शब्द विद्यार्थी इतक्या लवकर उचलतात कीं, एक सबंध इंग्रजी वाक्य शुद्ध लिहितां येण्यापूर्वींच ते त्यांच्या जिभेवर खेळूं लागतात. याबद्दल आमची तक्रार नाहीं. परभाषेच्या घरांत शिरतांना तिच्या उंबरठ्यावरचे शब्द आधीं शिकावे, हें योग्यच होय. परंतु हे शब्द कोठून आले, कोणत्या रीतीशीं ते बांधलेले आहेत, आणि मुख्य म्हणजे ते कोणास उद्देशून उच्चारावयाचे, हें फारसें सांगितलें जात नाहीं. आणि त्यामुळें शब्द अंगवळणीं पडतात, पण शिष्टाचार बाहेरच राहतो, असें आमचें मत आहे.

प्रथम ‘होस्ट’ व ‘गेस्ट’ ही जोडी घेऊं. एक यजमान, दुसरा पाहुणा. पण भाषाशास्त्रज्ञ सांगतात कीं, या दोन्ही शब्दांचें मूळ एकच आहे. लॅटिन भाषेंत ‘होस्पेस’ हा शब्द यजमान व पाहुणा अशा दोघांसहि लागत असे, आणि फ्रेंच भाषेंत त्यापासून झालेला ‘ओत’ हा शब्द आजहि दोन्ही अर्थांनीं चालतो. त्याच कुळांतील ‘होस्टिस’ या लॅटिन शब्दाचा आरंभींचा अर्थ परका मनुष्य असा होता. पुढें तो शत्रु असा झाला, व इंग्रजींतील ‘होस्टाइल’ हा शब्द त्यावरूनच आला. दारांत उभा राहिलेला अनोळखी मनुष्य मित्र कीं वैरी, हें त्यास आंत घेईपर्यंत कळत नसे; ती सारी धास्ती या एका मूळांत सांठून राहिली आहे. ‘होस्पेस’पासूनच ‘हॉस्पिटल’, ‘हॉस्टेल’ व ‘हॉटेल’ हे शब्द निघाले. ‘हॉस्पिटल’ हें प्रारंभीं केवळ रुग्णालय नव्हतें; मध्ययुगांत यात्रेकरू, निराधार व थकलेभागलेले प्रवासी यांस आसरा देणारी ती एक धर्मशाळाच होती. रुग्णालयाच्या पैसे भरण्याच्या खिडकीपुढें रांगेंत उभ्या असलेल्या मनुष्यास ही हकीकत सांगितली, तर तो तिला थट्टाच समजेल!

आपल्याकडील शब्दांचा पिंड निराळा आहे. ‘यजमान’ म्हणजे मुळांत यज्ञ करणारा. ‘अतिथि’ म्हणजे ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो, अशी फोड परंपरेनें सांगतात. कठोपनिषदांत नचिकेता यमाच्या दारीं तीन रात्री उपाशी राहिला, तेव्हां साक्षात् मृत्युदेवतेस त्या चुकीची भरपाई तीन वर देऊन करावी लागली. इंग्रजी ‘गेस्ट’ आज पत्रिकेवर छापलेल्या दिवशीं, छापलेल्या वेळीं येतो. आमचा अतिथि केव्हांहि येई. अर्थात् ‘आगंतुक’ या आपल्या शब्दालाहि जो एक कुबट वास आहे, तो लपविण्यांत अर्थ नाहीं.

खरा घोटाळा होतो तो जेवतांना. इंग्रज यजमान पाहुण्यास ‘हेल्प युअरसेल्फ’ म्हणतो. यांतील ‘हेल्प’चा अर्थ मदत असा नव्हे; ताटांत वाढणें हा त्या क्रियापदाचा एक जुना अर्थ आहे. म्हणजे ‘आपल्या हातानें, हवें तेवढें वाढून घ्या’ असा हा मोकळेपणा आहे. मराठी पाहुण्याच्या कानांवर हेच शब्द पडले, कीं त्याच्या मनांत येतें, ‘या घरांत वाढावयास कोणी नाहीं काय?’ उलट आपली रीत पाहा. पाहुणा ‘पुरे, पुरे’ म्हणत पानावर आडवा हात धरतो, आणि वाढणारी माउली त्या हाताखालून जिलबी सरकविते. पहिला नकार हा नकार नव्हे, हें दोघांसहि पक्कें ठाऊक असतें. याच मराठी मनुष्यानें इंग्रजाच्या मेजावर पहिल्याच विचारण्यास संवयीनें ‘नो, थँक्यू’ म्हटलें, तर पुढें गेलेली बशी परत येत नाहीं, व तो अर्धपोटीं उठतो. यजमान म्हणतो, ‘मीं त्याच्या इच्छेचा मान राखला.’ पाहुणा म्हणतो, ‘मला पुन्हां कोणी विचारलेंसुद्धां नाहीं.’ दोघेहि खरें बोलत असतात. इंग्रजी पाहुणचार संमतीवर उभा आहे, आपला आग्रहावर. आपण पत्रिकेच्या अखेरीस ‘हेंच आग्रहाचें निमंत्रण’ असें छापतों तें उगीच नव्हे. आग्रहाचा अतिरेक मात्र आम्हांस मान्य नाहीं. मधुमेहाच्या रोग्याच्या पानांत श्रीखंड लोटणें हा पाहुणचार नसून छळ आहे. विचारावें आणि उत्तर ऐकून घ्यावें, ही इंग्रजी रीत येथें अवश्य उचलावी.

आतां ‘प्लीज’. ‘आपणांस आवडत असेल तर’ अशा अर्थाच्या एका लांब वाक्याचें हें उरलेलें टोंक होय. फ्रेंच लोक तें वाक्य अजून सबंध बोलतात, व ‘आर. एस. व्ही. पी.’ या अक्षरांतील शेवटचीं तीन अक्षरें त्याचींच आहेत. ‘प्लीज आर. एस. व्ही. पी.’ असें पत्रिकेवर छापणारे गृहस्थ एकाच दमांत दोन भाषांतून विनवणी करीत असतात, हें त्यांस कोणी सांगावें!

इंग्रजींत ‘सिट’ हें आज्ञार्थी रूप राजापासून रंकापर्यंत एकच आहे. म्हणून त्याची धार बोथट करण्यास ‘प्लीज’ जोडावें लागतें. मराठींत ‘बस’, ‘बसा’, ‘बसावें’ अशीं रूपें आहेत, आणि आदर क्रियापदाच्या शेपटांतच येऊन बसतो. ‘या, बसा’ एवढें म्हटलें कीं त्यांत ‘प्लीज’ आलें. ‘थँक’ आणि ‘थिंक’ हीं एकाच मूळाचीं रूपें आहेत. उपकार मनांत ठेवणें हा त्याचा भाव. तो आपल्याकडे निराळ्या वाटेनें व्यक्त होतो. जेवून उठतांना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणणारी मंडळी अजून आहेत. आणि निघतांना पाहुणा ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो, व यजमानहि त्यास ‘या’ असेंच म्हणतो. निरोपांतच पुढच्या खेपेचें बोलावणें असतें. तेव्हां ताट वाढणाऱ्या आईस प्रत्येक पोळीमागें ‘थँक्यू’ म्हणणें आम्हांस तरी कृत्रिम वाटतें. तिला तें ऐकून आपण परकी झालों असें वाटल्यास नवल नाहीं.

पण येथेंच नाण्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, आणि ती आपल्या लौकिकास शोभणारी नाहीं. ‘बसा’ म्हणावयाचें कीं ‘बस’, हें ठरवितांना आपण केवळ वय पाहत नाहीं. आपण कपडे पाहतों, धंदा पाहतों, आणि पूर्वीं तर उघड उघड जात पाहत असूं. साठ वर्षांच्या हमालास दहा वर्षांचा मुलगा ‘ए, इकडे ये’ म्हणून हांक मारतो, व जवळ उभ्या असलेल्या वडीलमंडळींस त्यांत कांहीं खटकत नाहीं. ‘प्लीज’ या शब्दाचा मोठा गुण हा कीं, तो समोरच्याची पायरी विचारीत नाहीं. (इंग्रजांनीं तरी तो गुण येथें पाळला असें नव्हे, पिकल्या केसांच्या नोकरासहि ‘बॉय’ म्हणून पुकारणारे साहेब या देशांत थोडे नव्हते.) आमचे विद्यार्थी मुख्याध्यापकांस ‘थँक्यू, सर’ म्हणण्यास विसरत नाहींत, परंतु वर्ग झाडणाऱ्या बाईस, पाण्याची टांकी धुणाऱ्या गड्यास, घंटा देणाऱ्या शिपायास तो शब्द किती जण म्हणतात? जेथें मराठी क्रियापदानें आदर आधींच दिला आहे तेथें इंग्रजी शब्दाची ठिगळपट्टी नको. पण जेथें तें क्रियापद आदर देण्यास कचरतें, तेथें ‘प्लीज’ आणि ‘थँक्यू’ अवश्य वापरावे, किंवा सरळ ‘अहो’ म्हणून ‘बसा’ म्हणावें.

‘कंपॅनियन’ या शब्दांत ‘कॉम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकर. एकत्र भाकर खाणारा तो सोबती. आपल्या भाषेंत याच कल्पनेभोंवतीं ‘रोटीव्यवहार’ हा शब्द तयार झाला, आणि त्याचा उपयोग कोणाबरोबर जेवावयाचें नाहीं हें सांगण्याकडेच अधिक झाला. पाहुण्यास प्रथम पाणी विचारावें ही आपली रीत; आणि तेंच पाणी माणसांस नाकारलें गेलें, हाहि आपलाच इतिहास. ज्योतिराव फुल्यांनीं 1868 सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला, आणि 1927 सालीं डॉ. आंबेडकरांस महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. आजहि कांहीं सुशिक्षित घरांत कामास येणाऱ्या बाईचा कप खिडकींत वेगळा ठेवलेला असतो. त्या घरांतील मुलांस ‘हॉस्पिटॅलिटी’ या शब्दाचें स्पेलिंग बिनचूक येत असेल!

आमची एक सूचना आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनांत प्रमुख पाहुण्यांचें स्वागत, हारतुरे, चहापान हें सर्व यथासांग होतें. ज्यांनीं आदले दिवशीं मांडव घातला, खुर्च्या वाहिल्या, जमखाने अंथरले, ते मात्र सर्वांचें झाल्यावर मागील दारीं उभ्यानें चहा घेतात. पुढील वर्षीं त्यांचीं नांवें विचारून घेऊन त्यांस छापील पत्रिका द्याव्या, व त्यांची बैठक पाहुण्यांच्या पंगतींतच मांडावी. पत्रिकेवर ‘आर. एस. व्ही. पी.’ नको, ‘आग्रहाचें निमंत्रण’ असूं द्यावें, आणि ती नेऊन देण्याचें काम इंग्रजींत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याकडे सोंपवावें.