झुल्यात कोण, खाली कोण?

मला आकाशझुल्याचं वेड आहे. पुण्यामुंबईच्या मैत्रिणी त्याला आकाशपाळणा म्हणतात, आमच्या भंडाऱ्याकडे तो नुसता झुला. वय साठीच्या पुढे गेलं, गुडघे कुरकुरतात, तरी दिवाळी झाली की यंदा कोणत्या गावच्या मंडईत मोठा झुला आलाय याची चौकशी मी करतेच. बैठकीत हे बोलले की मैत्रिणी हसतात. "हुंड्याचे, मारहाणीचे, दारूचे एवढे प्रश्न समोर असताना तुला झुला कसा सुचतो?" त्या हसण्याला उत्तर द्यावं म्हणून हे लिहिते आहे. माझ्या मते झुल्यात कोण बसतं आणि खाली कोण उभं राहतं, हाही बायकांचाच प्रश्न आहे.

मंडई म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचक मैत्रिणींसाठी आधी सांगायला हवं. मंडई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे भाजीबाजार येईल. भंडारा, गोंदिया आणि आसपासच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावची जत्रा. भाऊबिजेच्या सुमारास ती सुरू होते आणि आज या गावी, उद्या त्या गावी अशी पुढे कित्येक दिवस चालते. हलका धान निघालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो. हातात थोडे पैसे असतात, थोडी सवड असते. गोवारी ढाल घेऊन नाचत येतात. दिवसा दंडार, खडी गंमत, रात्री नाटक. शिंगाडे, मुरमुरे, जिलेबी, बांगड्या, प्लास्टिकची खेळणी यांची दुकानं लागतात. घरोघरी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. आणि मैदानाच्या एका कडेला झुला उभा राहतो.

माझ्या लहानपणी झुला लाकडी होता. चार खोके, मधे आडवा दांडा, आणि तो हाताने फिरवणारे दोन बाप्ये. आता लोखंडी झुले येतात, जनरेटरवर चालतात, रात्री दिव्यांनी चमकतात. रीत मात्र तीच. झुलेवाला माणसं भरतो ती समोरासमोर तोलून. एका पाळण्यात बसवली की चाक अर्धं फिरवून समोरच्या पाळण्यात बसवायची. एका बाजूला वजन जास्त झालं तर चाक सरळ फिरत नाही. हा तोल त्याला बरोबर कळतो. गावातला तोल मात्र कोणी पाहत नाही. कारण पाळण्यात बसलेली असतात पोरं, पोरी, जवान मुलगे, नवीन लग्नाची एखादी जोडी. आणि खाली उभ्या असतात त्यांच्या आया, काक्या, आज्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चपला, कडेवर तान्हं मूल, तोंड वर करून पाहणाऱ्या.

माझी आई अशीच उभी राहायची. "तू बस ना वं माय," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "मले चक्कर येते." ही चक्कर मी पुढे आयुष्यभर ऐकली. मावशीला यायची, सासूबाईंना यायची, शेजारणीला यायची. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकून राहणाऱ्या, धानाचे भारे डोक्यावर घेऊन अरुंद धुऱ्यावरून चालणाऱ्या या बायकांना तेव्हा चक्कर येत नव्हती. झुल्यापाशीच यायची. चार लोक हसतील, सासरचं कोणी पाहील, पदर उडेल, तेवढ्या पैशात पोराला एक फेरी जास्त मिळेल, या सगळ्या गोष्टींना मिळून आमच्याकडे एकच शब्द आहे, चक्कर.

झुल्यात असं काय आहे, असं कोणी विचारील. चाक वरून खाली यायला लागतं तेव्हा बसायची फळी क्षणभर आपल्याखालून सरकल्यासारखी होते, आपलं वजन कमी होतं, पोटात गोळा येतो. ओरडावंसं वाटतं आणि ओरडता येतं. बाईने भर मैदानात मोठ्याने ओरडावं आणि कोणी "काय झालं?" म्हणून धावत येऊ नये, अशी दुसरी जागा मला माहीत नाही. आणि वर पोचलं की आपलंच गाव एकदम दिसतं. देवळाचा कळस, तलाव, आपलं घर, ज्या वाटेवरून आपण रोज पाणी आणलं ती वाट. बाईला आपलं गाव असं वरून बघायला कुठे मिळतं?

हे सुख काही आजचं नाही. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी, जो पुढे सुरत-गोव्यालाही येऊन गेला, त्याने १६१५ साली इस्तंबूलला सणाच्या दिवशी असं फिरतं चाक पाहिलं, तो त्यात बसला आणि आपल्याला मजा आली असं त्याने लिहून ठेवलं. मोठं लोखंडी चाक आलं १८९३ साली अमेरिकेत, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. जॉर्ज फेरिस या इंजिनिअरने उभारलेलं ते चाक २६४ फूट उंच होतं, त्याला ३६ डबे होते आणि एका डब्यात ६० माणसं मावत. त्याच प्रदर्शनात बायकांच्या कामासाठी वेगळी इमारत होती आणि तिचा आराखडा सोफिया हेडन या तरुण स्त्रीने केला होता. तेव्हा मौज आणि बायकांचा प्रश्न या दोन गोष्टी एका मैदानावर सुखाने नांदू शकतात, याला दाखला आहे.

आपल्या देशात मौजेची अशी कायमची उद्यानं उशिरा आली. दिल्लीला १९८४ साली अप्पू घर झालं, ते २००८ साली बंद पडलं. मुंबईत गोराईला १९८९ साली एसेलवर्ल्ड झालं. नव्वदीच्या दशकात एका शिबिरासाठी मी वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून गाडीत बसून मुंबईला गेले होते, तेव्हा शिबिर संपल्यावर आम्ही चौघीजणी खाडी ओलांडून, होडीने तिथे गेलो. झिपर डिपरमध्ये बसलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त काय आवडलं ते सांगते. बसल्यावर दांडा पुढे येऊन बंद होतो, पोरगी असो की आजी, सगळ्यांना सारखाच. रांगेत ज्याचा नंबर त्याचा. दिवसाउजेडी सगळं चालतं. संडास आहे, पाणी आहे. म्हणून बायका तिथे खाली उभ्या राहिलेल्या नव्हत्या, बसलेल्या होत्या. साडी खोचून, चष्मा पर्समध्ये टाकून बसलेल्या. म्हणजे चक्कर हा बायकांचा स्वभाव नाही. सोय असली की चक्कर जाते.

त्या काळी एसेलवर्ल्डची जाहिरात टीव्हीवर फार गाजली. घरी जायचंच नाही, असा हट्ट तिच्यात होता. सगळ्यांना तो गोड वाटायचा. मला मात्र दर वेळी वाटे, हेच वाक्य चार पोरांच्या आईच्या तोंडी घातलं असतं तर लोक हसले असते का? २०२२ साली ते उद्यान बंद झालं तेव्हा मला वाईट वाटलं. आता खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेलं इमॅजिका आहे, शहरोशहरी वॉटर पार्क आहेत.

पण या उद्यानांचं मी उगाच कौतुक करणार नाही. तिथलं दार पैशाने उघडतं. चौघांच्या कुटुंबाचं दिवसाचं तिकीट म्हणजे धानाच्या मजुरीवर जगणाऱ्या घराची बऱ्याच दिवसांची कमाई. आणि पैसे भरूनही बाईची अडचण संपतेच असं नाही. एका वॉटर पार्कला आमचं घर गेलं होतं. पाण्यात उतरायला ठरावीक कापडाचे कपडे हवेत असा नियम. तो सुरक्षेसाठी असतो, हे मला मान्य आहे. पण भाड्याने मिळत होते ते कपडे आमच्या जाऊबाईंच्या मापाचे नव्हते, आणि असते तरी दिरांपुढे त्या घालायच्या नव्हत्या. दिवसभर त्या पायऱ्यांवर बसून सगळ्यांचे टॉवेल सांभाळत राहिल्या. मंडईत पिशव्या, इथे टॉवेल. तिकीट मात्र पूर्ण.

म्हणून माझं मन मंडईकडेच वळतं. मंडईला दार नाही, तिकीट नाही. ज्याच्याजवळ काही नाही तोही मैदानात फिरू शकतो. उद्यानात सोय आहे पण ते सगळ्यांचं नाही. मंडई सगळ्यांची आहे पण तिथे बायकांची सोय नाही.

आणि आता तर मंडईच नको, असं म्हणणाऱ्या बायका वाढल्या आहेत. त्यांचं म्हणणं मी नीट ऐकलं आहे. मंडईच्या आडून दारू येते, कोंबडबाजार आणि पत्ते चालतात. गेल्या काही वर्षांत 'डान्स हंगामा'च्या नावाखाली रात्री पोरींना नाचवतात, आणि त्यातले काही प्रकार पोलिसांपर्यंत गेले. "नवरा मजुरी उडवून येतो, आम्हाले काय भेटते मंडईत?" असं एक शेतमजूर बाई मला म्हणाली. तिचा राग खरा आहे. दारूविरुद्ध तिच्याबरोबर उभं राहायला मी केव्हाही तयार आहे. मतदान करून गावची बाटली आडवी करण्याचा मार्ग आपल्याजवळ आहेच.

पण मंडई बंद करून काय साधेल? दारू पिणारा दुसरीकडे जाईल. नाचणाऱ्या पोरीची मजुरी बुडेल, तिला नाचवणाऱ्याचं काही बिघडणार नाही. डान्सबारच्या वेळी हे आपण पाहिलं. २००५ साली बंदी आली, २००६ साली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. आणि तेवढ्या वर्षांत त्या बायकांच्या पोटापाण्याचं काय झालं हे विचारायला फार थोडे लोक गेले. मंडई बंद झाली तर नुकसान होईल ते लेकीचं, जी त्या निमित्ताने माहेरी येते, आणि त्या पोरीचं, जी वर्षातून एकदा झुल्यात बसते. पुरुषांना मौजेची जागा रोज आहे. पानठेला आहे, चौकातला पार आहे, नदीवरची पार्टी आहे. बाईला वर्षातले हे दोनचार दिवस. तेही बंद करायचे, आणि तेही बायकांनीच?

सरकारच्या २०२४ च्या वेळेच्या पाहणीत असं निघालं, की घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषांची ८८. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं सुटली, आणि पुरुषाचीही नऊ सुटली! रिकामा वेळ हा हक्क आहे असं आपण म्हणतो, पण तो वेळ कशात घालवायचा हे विचारलं की आपणच शिवणवर्ग, बचतगटाची बैठक, आरोग्य शिबिर अशी नावं घेतो. ही सगळी कामं चांगली आहेत. पण ती कामंच आहेत. काही उपयोग नसलेली मजा बाईला हवी की नको? मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर' या पुस्तकात बायकांना शहरात विनाकारण रेंगाळता आलं पाहिजे असं मांडलं. आमच्या भाषेत मी म्हणेन, बाईला विनाकारण झुलता आलं पाहिजे.

त्यासाठी मोठी क्रांती नको. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी असं आपल्या राज्याचा कायदा सांगतो. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. मंडईच्या आधीच्या सभेत हे मुद्दे मांडा. मैदानाची जागा पंचायत देते, तेव्हा अट घालायला तिला कोण अडवतं? बायकांसाठी आडोशाचा, पाण्याचा संडास आणि तिथपर्यंत दिवा. दुपारी दोन तास झुला फक्त बायकापोरींसाठी. झुला उभा राहिल्यावर नटबोल्ट, पाळण्याचा आडवा दांडा, विजेच्या तारा जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय फेरी नाही. पोरींनो, केस घट्ट बांधा, ओढणी आणि पदर खोचून घ्या. चाकात केस अडकून जीवघेणे अपघात होतात. तान्ही मुलं आणि पिशव्या ठेवायला बचतगटाचा एक मांडव, आणि तिथे आळीपाळीने बसायला बायकांइतकेच बाप्ये. रात्रीच्या कार्यक्रमात काय होणार हे पंचायतीला आधी लेखी कळलं पाहिजे, आणि नाचणारणीला ठरलेली मजुरी मिळाली पाहिजे.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. साकोलीहून लाखांदूरला, तुमसरहून पवनीला, कुठल्याही गावच्या मंडईला निम्म्या पैशात जाता येतं. तेव्हा मैत्रिणींनो, यंदा मंडईला जाल तेव्हा पिशवी नवऱ्याच्या हातात द्या. त्याला विचारलं नाही तरी चालेल. सासूला, आईला हाताला धरून रांगेत न्या. "चक्कर येते" म्हणाली तर म्हणा, "येऊ दे वं, मी हावो बाजूले."