चांगली लाट कोणाच्या पाळीला?

गेल्या रविवारी आमच्या चित्रपट मंडळाच्या छोटेखानी सभागृहात ‘गर्ल्स कान्ट सर्फ’ हा ऑस्ट्रेलियन अनुबोधपट पाहून मी घरी परतले ती संतापून. आणि तो संताप चित्रपटाविषयीचा नसून, खेळ संपून दिवे लागल्यावर एका सुविद्य गृहस्थांनी अत्यंत शांतपणे उच्चारलेल्या एका वाक्याविषयीचा होता. “बायकांच्या खेळाला प्रेक्षकच नसतो, मग बक्षिसाची रक्कम यायची कुठून?” असे ते म्हणाले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्त्री-पुरुष खेळाडूंचे सामना-मानधन समान केले तेव्हा या स्तंभावर जी पत्रे आली, त्यांतही हाच मजकूर होता, हे जुन्या वाचकांना स्मरत असेल. त्या वेळी मी आकड्यांनी उत्तर दिले होते. आज वेळापत्रकाने देणार आहे.

ख्रिस्तोफर नेलियस यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात १९८० आणि १९९० च्या दशकांतील सर्फिंगपटू स्त्रिया, आता प्रौढ झालेल्या, कॅमेऱ्यासमोर बसून आपली हकीकत सांगतात, आणि त्या हकीकतीचा गाभा माझ्या मते पैशात नाही, वाऱ्यात आहे. पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे येणाऱ्या लाटेला समोरून आधार देतात, तिचा उतार आरशासारखा गुळगुळीत ठेवतात आणि तिला सावकाश, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मोडू देतात. ऊन चढून खारे वारे सुटले की तीच लाट विस्कटते, पाण्यावर खडबड माजते आणि फळीवर उभे राहणाऱ्याला धड वळणही घेता येत नाही. सर्फिंगमध्ये प्रत्येक लाटेला दहापैकी गुण मिळतात आणि खेळाडूच्या उत्तम दोन लाटांची बेरीज तेवढी धरली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे चांगल्या लाटेची वेळ कोणाच्या वाट्याला आली हाच अर्धा निकाल असतो, हे कोणालाही समजेल. आणि ती वेळ रिवाजाने पुरुषांची असे. समुद्र बिघडला, वारा फिरला, की स्त्रियांना पाण्यात उतरण्याचा हुकूम सुटे. त्या गढूळ, मोडक्या पाण्यात त्यांनी जे काही केले त्यावरून मग असा निष्कर्ष काढला जाई की मुलींना सर्फिंग जमत नाही. दक्षिण आफ्रिकेतील जेफ्रीज बे येथे अशाच एका निरुपयोगी समुद्रात उतरण्यास साफ नकार देऊन या स्त्रिया वाळूवर बसून राहिल्या, तो प्रसंग पाहताना मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी त्या वाजवल्याही.

ते दृश्य सरले आणि मला आठवला तो माझ्या गावचा पोहण्याचा तलाव. मी बारा वर्षांची असताना त्या तलावाच्या दारावर एक काळा फळा असे आणि त्यावर पांढऱ्या रंगाने वेळा लिहिलेल्या असत: सकाळी सहापासून दहापर्यंत पुरुष, सायंकाळी चारपासून आठपर्यंत पुरुष, आणि दुपारी साडेबारा ते दीड महिला. ज्या तासाला काठाची फरशी तळपायाला चटका देई, सकाळपासून शेकडो देह उतरून गेलेले पाणी कोमट आणि गढूळ झालेले असे, शाळेतल्या मुली शाळेत आणि घरातल्या बायका चुलीपाशी असत, नेमका तो तास आमच्या नावे लिहिलेला होता. माझ्या आईने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी सकाळचा एक तास मिळावा म्हणून रीतसर अर्ज केला. काही महिन्यांनी उत्तर आले की नोंदवही तपासली असता महिलांची उपस्थिती अत्यल्प असल्याचे दिसून येते, सबब वेळवाढीची मागणी मंजूर करता येत नाही. तो कागद आईने पुष्कळ वर्षे जपून ठेवला होता. लेखणी हाती असलेल्याने आधी गैरसोयीची वेळ ठरवावी, त्या वेळेला माणसे आली नाहीत याची दप्तरी नोंद करावी, आणि तीच नोंद पुराव्यादाखल पुढे ठेवून मागणी फेटाळावी, ही तजवीज माझ्या गावच्या कारकुनाने आणि ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धाचालकांनी एकमेकांना न भेटता, न विचारता, तंतोतंत सारखी केली. म्हणूनच मी या स्तंभातून वारंवार सांगत आले आहे, आणि पुनरुक्तीचा दोष पत्करूनही सांगत राहीन, की खेळातला अन्याय नियमांच्या पुस्तकात शोधू नये, तो वेळापत्रकात शोधावा. आपल्याकडच्या इतक्या स्त्रियांना पोहता येत नाही याचे मूळही अशा फळ्यांतच आहे, असे माझे ठाम मत आहे. त्याला माझ्यापाशी मोजदादीचा आधार नाही, पण आयुष्यभराचे पाहणे आहे.

आता राहिला त्या गृहस्थांचा बाजाराचा मुद्दा. पॉलिन मेंझर ही १९९३ ची जगज्जेती. संधिवाताने सांधे आखडलेले असताना, फिरस्तीचा खर्च भागवण्यासाठी जीन्स विकत विकत तिने ते विजेतेपद मिळवले, आणि त्याबद्दल तिला एक पैसाही मिळाला नाही. हाती पडला तो करंडकही मोडका होता. पुढे तिने शाळेची बस चालवून उदरनिर्वाह केला. पैसा त्या धंद्यात नव्हता म्हणावे, तर त्याच दशकात, १९९४ पासून सलग चार वर्षे जगज्जेती ठरलेल्या लिसा अँडरसनला पुढे करून रॉक्सी या कंपनीने स्त्रियांसाठी काढलेले सर्फिंगचे कपडे अमाप खपले. स्त्रियांनी मोजलेला पैसा येत होता; स्त्रियांच्या बक्षिसापर्यंत तो पोहोचत नव्हता. सात वेळा जगज्जेती झालेल्या लेन बीचलीने अखेरीस २००६ साली स्वतःच्याच नावाची स्पर्धा उभारून स्त्रियांसाठी तोवर कोणी न दिलेली बक्षिसाची रक्कम ठेवली, तेव्हा ती रक्कम द्यायला प्रायोजक सापडलाच.

समान बक्षीस आले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. २०१८ च्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत बॅलिटो येथील कुमारांच्या स्पर्धेनंतर एक छायाचित्र जगभर फिरले: विजेता मुलगा आणि विजेती मुलगी शेजारी शेजारी उभी, त्याच्या हातातल्या भल्या मोठ्या धनादेशावर आठ हजार रँड, तिच्या धनादेशावर चार हजार. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वर्ल्ड सर्फ लीगने समान बक्षिसाची घोषणा केली आणि २०१९ पासून तिचा अंमल सुरू झाला.

परंतु मला त्याहून महत्त्वाची वाटते ती लाटेची गोष्ट. ताहिती बेटाजवळची टेआहुपो ही धारदार प्रवाळावर फुटणारी जबरदस्त लाट धोक्याची आहे असे कारण पुढे आले, आणि २००६ नंतर जागतिक मालिकेतील स्त्रियांची स्पर्धा तेथून उठली. ती परत आली २०२२ मध्ये. मधली सोळा वर्षे ज्या मुलींनी त्या लाटेवर सराव केला असता त्यांनी तो केला नाही, आणि त्यांच्या नसण्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. २०२४ च्या ऑलिंपिकसाठी तीच लाट निवडली गेली, स्त्रिया आणि पुरुष एकाच पाण्यात उतरले, आणि अमेरिकेच्या कॅरोलिन मार्क्सने तेथे सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर मुलींना सर्फिंग जमते की नाही हा प्रश्न निदान मी तरी कोणाकडून ऐकून घेणार नाही.

आपल्या सर्फिंगपटू इशिता मालवीयाला, मुंबईसारख्या समुद्राकाठच्या शहरात वाढूनही, लाटेवर उभे राहण्यासाठी २००७ मध्ये शिक्षणानिमित्त मणिपाळला जावे लागले आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर ती ते शिकली. आपल्याकडच्या मुलींना समुद्र पुढे कधी लाभेल तो लाभो. तलाव आजच आहे. उन्हाळ्याच्या बॅचेसच्या वेळा सर्वत्र आता ठरायच्या आहेत. ज्या भगिनींच्या गावी महिलांची वेळ अजून भर दुपारची आहे त्यांनी सकाळी सहा ते सात हा तास मागणारा लेखी अर्ज या पंधरवड्यात द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि जे उत्तर येईल त्याची प्रत मला पाठवावी. मी ती याच जागी छापीन.